गिटारीच्या खोक्याला शिवलेलं कव्हर

ती. वन्संना तुमच्या धाकट्या वहिनीचा वाकून नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा अर्धाच वाकले असं समजा, उरलेला भेटीत). तुमची कंबर कशी आहे? उठताना कळ येते असं लिहिलं होतंत. मग उठू नका. भावजींना उठू दे, इतकी वर्षं बसूनच तर आहेत. त्यांचा खोकला कसा आहे तेही कळवा, पण थोडक्यात कळवा. मागच्या वेळी दोन पानं खोकल्यावरच गेली आणि नातवाला दात आले की नाही ते कळलंच नाही. आम्ही इकडे ठीक आहोत. शिलाई मशीनला नवीन पट्टा टाकलाय, आता कुरकुर करत नाही. तुमचा भाऊ मात्र करतो. म्हणजे करत होता.

तुम्ही पत्रात विचारलंत की तुमचा भाऊ ती जाड गिटार विकून टाकतोय आणि वाजवणं सोडतोय असं त्यानं तुम्हाला कळवलंय, हे खरं का, आणि 'वहिनी, तू काही बोललीस का त्याला?' वन्सं, राग मानू नका, पण तुम्हाला दर वेळी मीच कशी सापडते? मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, मी बोलतेच, पण त्याबद्दल नाही. गिटार विकलेली नाही, भिंतीवरच आहे, आणि त्याला कारण तुमची ही चौथीत शाळा सोडलेली वहिनी आहे, हे आधीच सांगून ठेवते. आता सगळं पहिल्यापासून लिहिते, मध्ये चहा करून घ्या.

तुमच्या भावाकडे दोन गिटारी आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. एक साधी, पोटाला गोल भोक असलेली, ती गाण्यांबरोबर वाजवायची. दुसरी जाड, पोकळ, भोकाच्या जागी दोन चिरा असलेली, ती जॅझची. जॅझ म्हणजे काय ते मला विचारू नका. सुरुवातीला गाणं नीट चाललेलं असतं, मग तिघं तीन दिशांना भटकायला निघून जातात आणि शेवटी जेवायच्या वेळेला घरी परत येतात, तसलं काहीतरी. तिघं म्हणजे हा, आमच्या चौकातला दातांचा डॉक्टर (तो ढोल बडवतो, आणि दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना बोलू देत नाही, ती सवय संध्याकाळीही जात नाही) आणि तिसरा लंबू. लंबू टपाल वाटतो आणि कपाटाएवढं बास (उभं राहून वाजवायचं दांडगं व्हायोलिन) वाजवतो. बासच्या मागे उभा राहिला तरी लंबूच दिसतो, यावरून काय ती उंची समजा. चौकातल्या चहाच्या दुकानात वरच्या मजल्यावर दर रविवारी संध्याकाळी या तिघांनी वाजवायचं असं ठरलं. पहिल्या अर्ध्या भागात गाणी, दुसऱ्यात जॅझ.

अडचण अशी की तुमचा भाऊ ऐकूच येत नव्हता. जन्म गेला ग्रंथालयात लोकांना 'शूऽऽ' करण्यात, तो वाजवतानासुद्धा शूऽऽच वाजवतो. डॉक्टरनं एक ढोल मारला की हा पुसला गेला. दोनदा तालीम झाली आणि डॉक्टर त्याला म्हणाला की बाबा, एक ॲम्प घे, नाहीतर माझ्या ओळखीचा एक पियानोवाला रिकामाच बसलाय. हे तो हसत म्हणाला. दात काढतानाही तो असाच हसतो. (ॲम्प म्हणजे तो खोका. गिटारीची वायर त्यात खुपसायची, मग आवाज मोठा येतो. मी त्याला खोकाच म्हणते.) घरी आल्यावर तुमचा भाऊ जेवला नाही. आता हा माणूस तापात जेवतो, भांडणात जेवतो, मी भाजी जाळली तरी वर 'छान झालीय' म्हणून जेवतो. मी तेव्हाच समजले की हे प्रकरण गिटारीचं नाही, जिवाला लागलंय.

आधी तो एकटाच दुकानात जाऊन आला. तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही म्हणता येत नाही. दुकानदारानं सांगितलं की साध्या गिटारीला एका जातीचा खोका लागतो आणि जॅझच्या गिटारीला दुसऱ्या जातीचा, तेव्हा दोन घ्या, आणि हा 'बरोबर आहे तुमचं' म्हणून घरी आला. दोन्हींच्या किमतीत मला काजं करायचं मशीन आलं असतं, तेही मोटरवालं. मी म्हटलं, उद्या मी येते.

दुकान मोठं होतं. भिंतभर खोके, लहान, मोठे, एकावर एक. विकणारा पोरगेला होता, केसांची शेंडी बांधलेला. त्यानं आम्हाला बसवलं आणि स्वतःच गिटार घेऊन अशी काही भराभर वाजवली की माझ्या दाताला शिवशिव झाली. मी म्हटलं, अरे बाबा, कोट कोण घालणार आणि माप कुणाचं घेतोयस? यांना वाजवू दे. मग तुमचा भाऊ जाड गिटार घेऊन खोक्याच्या अगदी तोंडाशी बसला (दुसरीकडे खुर्चीच नव्हती) आणि हात लावला. काही ऐकू येईना. शेंडीवाल्यानं आवाज वाढवला. तरी येईना. अजून वाढवला आणि दुसरी वायर आणायला आत गेला. तेवढ्यात ती गिटार आपली आपणच हंबरायला लागली. कुणी हात लावलेला नाही, आणि दाव्याला अडकलेल्या म्हशीसारखा आवाज, वाढतोय, वाढतोय, काचा थरथरतायत. तुमचा भाऊ मांडीवर गिटार घेऊन शहाण्यासारखा बसलेला, म्हणतो कसा, "थांबेल बहुतेक." आता मशीनमध्ये बोट सापडलं तर आपण थांबेल बहुतेक म्हणतो का? मी उठले आणि भिंतीतला प्लग उपटला. तो चुकीचा निघाला. म्हणजे हंबरणं थांबलं, पण त्याबरोबर सगळे खोके, दिवे, पंखा आणि पैसे घ्यायचं यंत्रही बंद पडलं, आणि यंत्रापाशी गिऱ्हाईक कार्ड घालून उभं. शेंडीवाला अंधारात बाहेर आला. मी त्याला खोक्याचं माप विचारलं (टेप पर्समध्ये असतोच), पण त्याचं लक्ष नव्हतं. तुमच्या भावानं सगळ्यांची माफी मागितली. मला वाटतं पंख्याचीही मागितली.

तिथून आम्ही मागच्या गल्लीत गेलो. तिथे एक रिपेअरवाले काका आहेत, रेडिओपासून मायक्रोफोनपर्यंत सगळं उघडून ठेवलेलं असतं, आणि वापरलेले खोकेही विकतात. माणूस बरा, पण पँटची एक शिवण उसवलेली आणि त्याला पत्ता नाही. त्यांनी नीट समजावून सांगितलं. म्हणाले, साध्या गिटारीचा खोका स्वच्छ काचेसारखा असतो, तारेवर नख लागलं तरी दाखवतो. जॅझची गिटार त्यातून वाजवली तर फार धारदार लागते, तिचे काने-कोपरे घासून गोल करावे लागतात. दोन्ही कामं चोख करणारा खोका महाग. मग त्यांनी कोपऱ्यातून एक काढला. बसायच्या स्टुलाएवढा, उचलायला हलका, आवाज डॉक्टरच्या ढोलाला पुरून उरेल असा, आणि आमच्या ऐपतीतला. स्वस्त का, तर बारीक सूर कमी-जास्त करायची जी चकती असते ती तुटून एकाच जागी अडकलेली, आणि तो भाग आता कुठे मिळत नाही. साधी गिटार झकास वाजेल, जॅझ चालवून घ्या, म्हणाले. मी म्हटलं, घेते, पण आधी ट्रायल. ते म्हणाले, वाजवा की इथे. मी म्हटलं, इथे नाही. मी कुणाला कोट देते तेव्हा माझ्या दुकानात उभं करून 'छान दिसतो' म्हणत नाही, बसवते, हात वर करायला लावते, जिना चढवते. हा खोका आठवडाभर आमच्याकडे राहील, नाही बसला तर परत येईल. काकांनी माझ्याकडे बघितलं, तुमच्या भावाकडे बघितलं आणि हो म्हणाले. (बहुतेक त्याची दया आली.)

घरी ट्रायल घेतली. मी मशीनवर शाळेच्या गणवेशाच्या पँटी शिवत बसले, पाय पूर्ण दाबलेला, आणि त्याला म्हटलं, आता या आवाजावर ऐकू या. साधी गिटार काय वाजली वन्सं! मी पाय उचलला हो, आपोआप उचलला गेला. असं वाटलं की इतकी वर्षं हा माणूस शेजारच्या खोलीतून बोलत होता आणि आज माझ्यासमोर येऊन बसला. मी त्याला तसं काही म्हटलं नाही, ठीक आहे म्हटलं. मग जाड गिटार घेतली, आणि सगळंच बिघडलं. एकेक सूर टाचणीसारखा. चकती अडकलेली, त्यामुळे करायचं काय? तुमच्या भावानं दोन गाणी वाजवली, वायर गुंडाळली आणि म्हणाला, "अगं, डॉक्टरला जॅझ हवंच आहे, आणि या वयात मला दुसरा खोका परवडत नाही. पियानोवाल्याला येऊ दे. ही जाड विकून टाकू." आणि त्याच दुपारी त्यानं तुम्हाला पत्र लिहिलं. म्हणजे बघा, मी कुठे काय बोलले?

आता मला यातलं काय कळतं? काही नाही. पण घरात माणूस असा गप्प बसलेला असताना हात बांधून बसणं मला जमत नाही. काहीतरी करायला हवं, आणि मला एकच गोष्ट येते. म्हणून मी खोक्याला कव्हर शिवलं. वन्सं, कव्हर कसं शिवलं विचारा. बाहेरून जाड निळं कापड, आत कोटाच्या खांद्याला घालतात तो कापूस दुहेरी, त्याला चौकोनी टाके, आतून अस्तर, वर चकत्यांना खिडकी, मागे वायरीला आणि वाफ जायला जागा, कडेनं पांढरा गोट. माप असं की चढवल्यावर सुरकुती नाही. तुमच्या भावानं बघितलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "किती सुंदर केलंस गं." मला वाटलं कौतुकानं पाणी आलं. तर वन्सं, आत्ता हसू नका, त्या खोक्याला समोरून जी जाळी असते ना, जिच्यातून आवाज बाहेर येतो, तीही मी झाकली होती. चांगली दुहेरी कापसानं. मी मिक्सरला कव्हर शिवलंय, टीव्हीला शिवलंय, मशीनला शिवलंय, कुणाच्याही कव्हरला मी पुढून तोंड ठेवलेलं नाही. धूळ मग तिथूनच आत जाते ना? आणि तुमच्या भावाला हे दिसत होतं! तो बोलला नाही! इतकं मन लावून शिवलंय, आता कसं सांगायचं, असा विचार करून हा माणूस तसाच खोका घेऊन तालमीला गेला. एवढ्या सभ्य माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही, भावजी स्पष्ट बोलतात.

तालीम डॉक्टरच्या दवाखान्यातच असते, बाहेरच्या खोलीत, दातांच्या चित्रांखाली. मीही गेले होते, कव्हर बघून लोक काय म्हणतात ते बघायला. साध्या गिटारीचं गाणं सुरू झालं आणि आवाज कसा आला? तोंडात बोळा कोंबून माणूस गातो तसा. लंबूनं वाकून विचारलं, चालू केलाय ना? डॉक्टरनं ढोलाच्या काठ्या खाली ठेवल्या, पेशंटला 'हा काढावाच लागेल' म्हणायच्या वेळी करतो तसं तोंड केलं आणि म्हणाला, "चला, मी त्या पियानोवाल्याशी बोलून घेतो." जॅझपर्यंत गाडी गेलीच नाही. रविवार अगदी तोंडावर आलेला.

माझं डोकंच फिरलं. त्या रिपेअरवाल्यानं आपल्याला फसवलं, बिघडलेला माल गळ्यात मारला! मी तुमच्या भावाला तशीच ओढत मागच्या गल्लीत नेलं. त्याच्या एका हातात खोका, पाठीला दोन्ही गिटारी (पुरावा म्हणून मीच घ्यायला लावल्या). वाटेत तो दोनदा म्हणाला, अगं ऐक तर, एक सांगायचंय. मी म्हटलं, तिथे सांगा, सगळ्यांसमोर सांगा. दुकानात शिरल्या शिरल्या मी काकांना जे बोलायचं ते बोलले. बरंच होतं. ते ऐकून घेत होते, मधेच त्यांची नजर खोक्यावर गेली आणि माणूस खुर्चीवर बसला. हसताना त्यांना श्वास घेता येईना. तोंडातून शब्द येईना, नुसते बोटानं जाळीकडे दाखवतायत. मी बघितलं. मग तुमच्या भावाकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

आता ऐका पुढचं. मी पर्समधून टाके उसवायची उसवणी काढली, त्या कव्हराला फाडूनच टाकते म्हणून पुढे झाले, आणि काका एकदम म्हणाले, थांबा. त्यांचं हसू गेलेलं. तुमच्या भावाला म्हणाले, जरा जाड गिटार लावा बघू. त्यानं लावली. कव्हर तसंच, तोंड बंद. आणि वाजवायला लागला. एकही टाचणी नाही! सगळे सूर कसे गोल, जाड, मऊ, इस्त्री फिरवून घडी घातल्यासारखे. चकती करत नव्हती ते काम माझ्या कापसानं केलं होतं. काकांनी डोळे मिटले. तुमच्या भावाचे तर उघडेच राहिले. वाजवता वाजवता माझ्याकडे बघून इतका हसला की मला कुठे बघावं कळेना, मी काकांच्या पँटची शिवण बघत बसले.

मग काय, पुढचं माझ्या हातातलं होतं. तिथेच काउंटरवर बसून समोरचा भाग तीन बाजूंनी उसवला, वरची बाजू ठेवली, कडा दुमडून टीप मारली (हातानं मारली, पण मशीनची वाटेल अशी), आणि वर गुंडाळून अडकवायला दोन बटणं लावली. झाली झडप. झडप वर, की साधी गिटार. झडप खाली, की जॅझ. एका खोक्यात दोन खोके. काकांची पँटही शिवून दिली, मघाचं बोलणं परत घेता येत नाही म्हणून.

रविवारी चहाच्या दुकानात वरचा मजला भरला. म्हणजे फार नाही, पण खुर्च्या कमी पडल्या. चहावाली बाई कपाळाला आठी घालून कोपऱ्यात उभी. पहिला भाग झडप वर करून झाला आणि तुमचा भाऊ डॉक्टरच्या ढोलातूनसुद्धा ऐकू आला. दुसऱ्या भागाच्या आधी झडप खाली करायची होती, तर याच्या मांडीवर गिटार, पायात वायर, आणि लोकांसमोर उठायची लाज. माझ्याकडे असं बघायला लागला की शेवटी मीच उठले, पुढे गेले, झडप सोडली आणि खोक्याशेजारच्या स्टुलावर बसले (गुडघा, परत कोण जाणार). त्यांचं जॅझ सुरू झालं. ते तिघं भटकायला निघाले, बऱ्याच लांब गेले, आणि मग परत यायला लागले, तेव्हा मला काय वाटलं कोण जाणे, मी झडप हळूहळू वर उचलायला लागले. नुसती चिमटीत धरून, हळू, जसे ते जवळ येत होते तशी. आणि वन्सं, बंद खोलीची खिडकी उघडावी तसा तो सूर उघडत गेला. डॉक्टरनं मान वर करून बघितलं आणि ढोल मोठा केला. लंबू तर बासवर वाकून नाचायलाच लागला. तुमच्या भावानं बघितलंसुद्धा नाही, डोळे मिटून वाजवत होता, आणि शूऽऽ नाही, चांगला खणखणीत. शेवटी लोकांनी टेबलं बडवली, कप हिंदकळले. चहावाल्या बाईच्या कपाळावरची आठी गेली, तिथे काय होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. डॉक्टर घाम पुसत आला आणि मला म्हणाला, "पियानोवाल्याला नको म्हणून कळवतो. पण वहिनी, दर रविवारी तुम्ही हव्यात." मी म्हटलं, मला काय तेवढंच काम आहे? (कव्हर मुद्दाम तसंच शिवलं होतं, असं त्या सगळ्यांना सांगितलंय. खरं काय ते फक्त तुम्हाला, काकांना आणि त्याला माहीत आहे. काका बोलणार नाहीत, आणि त्याला तर बोलताच येत नाही.)

तर गिटार विकत नाही, वाजवणं सोडत नाही, दोन्ही वेळ जेवतो. मला त्यातलं काही कळत नाही आणि आवडही नाही, नवऱ्याचं मन राखायचं म्हणून जाते. तुम्ही येत्या रविवारी या. नुसतं बसा, चहा प्या, भावाला बघा, चार दिवस विश्रांती घ्या. भावजींना नमस्कार, नातवाचा पापा, तुमच्या कंबरेला माझ्याकडून दोन शब्द सुनवा. पत्र फार लांबलं, दिवाही चांगला नाही आणि पेनही, तेव्हा आता पुरे.

तुमची वहिनी

ता. क. रविवारी नको, आधी बुधवारीच या. शाळेच्या गणवेशांच्या पँटींचा ढीग पडलाय, तालमींच्या नादात एकीचीही खालची तुरपाई झालेली नाही, आणि तुमचा हात बारीक आहे. बसल्या बसल्या करायचं काम आहे, कंबरेला काही होत नाही. चष्मा आणि बोटात घालायचं अंगुस्तान आपापलं आणा, माझं मी देत नसते.

ता. क. दुसरा. तालमी पूर्वी रोज नसायच्या, पण मी म्हटलं, झडपेचा हात बसायचा तर आता रोजच हव्यात. डॉक्टर कंटाळलाय, दिसतं मला. कंटाळू दे.

ता. क. तिसरा. चहाच्या दुकानात डाव्या बाजूच्या टेबलांशी बसू नका, तिथून नुसता खोका दिसतो. उजव्या बाजूला, जिन्याजवळच्या टेबलाशी बसा. तिथून मी पूर्ण दिसते.